न धुतलेल्या बरण्या

सर दार एकदाच वाजवत. मधल्या बोटाच्या पेरानं, एकदा. मग तीन पावलं मागं येऊन उभे राहत. दुसऱ्यांदा वाजवणं त्यांना असभ्य वाटे. आतल्या माणसाला ऐकू आलं असेल तर तो येईल, हातातलं काम टाकून यायला त्याला वेळ लागेल, तेवढा आपण द्यावा, असं त्यांचं म्हणणं. एकदा आमच्या प्राचार्यांच्या घरी ते असे पाऊण तास उभे होते. घरची सगळी मंडळी गच्चीवर कुरडया घालत होती. प्राचार्यांची मुलगी खाली आली तेव्हा सर कंपाउंडच्या भिंतीवरून चाललेली मुंगळ्यांची रांग पाहत होते.

"कधीचे आलात सर?"

"आत्ताच," सर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

ते गेले त्याला आता दोन महिने होतील. मला भराभर लिहिता येत नाही. रोज एखादा परिच्छेद होतो, कधी तोही होत नाही. पण त्यांच्याबद्दल जे लोक बोलतात ते अर्धंच असतं, आणि उरलेलं अर्धं ज्यांनी पाहिलं त्यांपैकी लिहू शकेल अशी आता मी एकटी उरले आहे. म्हणून लिहिते.

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. मूळची मी जाफराबादची. बी.एस्सी. झाल्यावर जालन्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. जालना जिल्हा होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, पण जुनी माणसं पत्त्यात अजून औरंगाबाद जिल्हाच लिहीत. सर फिजिक्स शिकवत. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, तिथं त्यांचा टेस्टर असे, विजेच्या तारेत करंट आहे की नाही ते दाखवणारा. त्या टेस्टरपायी लग्नमांडवात लोक त्यांना हमखास वायरमन समजत. "ओ दादा, इकडची माळ बंद पडली बघा," असं कुणी म्हटलं की सर मुकाट्यानं जात, माळ लावून देत आणि मग पंगतीला बसत.

त्यांचा डावा हात सदैव पँटच्या खिशात असे. विजेच्या कामात दोन्ही हात मोकळे ठेवू नयेत; एका हातातून शिरलेला करंट दुसऱ्या हातानं बाहेर पडला तर वाटेत काळीज लागतं, म्हणून डावा हात खिशात. हा त्यांचा प्रयोगशाळेतला नियम पुढं हाडीमाशी इतका भिनला की ते अक्षताही उजव्याच हातानं टाकत आणि डावा खिशात ठेवून उभे राहत. मी आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अडचणीत पडले. साडीला खिसा नसतो.

"बाई, तुम्ही असं करा," थोडा विचार करून ते म्हणाले, "डावा हात पाठीमागं धरत जा. पदराखाली."

पुढची कित्येक वर्षं मी तशीच उभी राहिले. आजही मिक्सर लावताना माझा डावा हात आपोआप मागं जातो.

फिजिक्सचा माणूस शेवाळाकडं कसा वळला, हे कॉलेजात सगळ्यांना कोडं होतं. खरं कारण अगदी साधं होतं. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी इमारतीमागं सिमेंटचे दोन हौद बांधून त्यात स्पिरुलिना नावाचं बारीक शेवाळ वाढवायला घेतलं होतं. डोळ्यांना एक एक तंतू दिसू नये इतकं ते बारीक. पाणी नुसतं गडद हिरवं दिसे. त्या प्राध्यापकांची बदली झाली. हौद तसेच राहिले. ते पाणी दिवसातून तीन-चारदा हलवावं लागतं, नाहीतर शेवाळ तळाशी बसून मरतं. सरांनी पहिल्या दिवशी सहज एक बांबू घेऊन पाणी हलवलं. दुसऱ्या दिवशीही हलवलं. "जितं हाय ते. मरू कसं द्यायचं?" असं म्हणत ते रोज दोन तासिकांच्या मध्ये हौदावर जाऊ लागले. पोरं त्यांना पाठीमागं 'शेवाळे सर' म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा पोस्टमननं वर्गात येऊन "शेवाळे कोण?" विचारलं, तर ते पुढं होऊन म्हणाले, "मीच असंल. बघू."

मग त्यांच्या वाचनात आलं की या हिरव्या शेवाळाच्या पोटात निळा रंग असतो. खाण्याजोगा, औषधी निळा. ही गोष्ट त्यांच्या मनात रुतूनच बसली. कॉलेजच्या फाटकासमोर बर्फाच्या गोळ्याची गाडी असे. तिच्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या बाटल्यांच्या ओळीत एक निळी बाटली होती. सर त्या गाडीशी उभे राहत आणि गोळा खाऊन आलेल्या पोरांना जीभ दाखवायला लावत. एका पोराची जीभ दुसऱ्या दिवशीही निळी निघाली तेव्हा त्यांनी गोळेवाल्या चाचांना विचारलं, "हे निळं कशाचं हाय?"

"बाटली का है," चाचा म्हणाले. "सर, खाना है तो खाओ. इम्तहान मत लो."

सर मला म्हणाले, "बाई, खायला निळं असं निसर्गात फार थोडं हाय बघा. जांभूळ म्हणाल तर ते जांभळं. अन् इथं आपल्या हौदात एवढं निळं कोंडून पडलंय, अन् पोरं बाटलीतलं खाऊन राह्यली."

कोंडलेलं निळं बाहेर कसं काढायचं, हा प्रश्न होता. उकळलं तर रंग मरतो. वाटलं तर सगळंच एकत्र होऊन चिखल होतो. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्या विधवा थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, त्यांचं घर सांभाळलं होतं. आक्कांच्या मिक्सरात त्यांनी एकदा शेवाळ फिरवून पाहिलं. आठवडाभर चटणीला तळ्याचा वास येत होता. "माझ्या मिक्सरात चटणी करू का तुझं डबकं?" असं आक्कांनी विचारलं, तेव्हापासून तो मार्ग बंद झाला.

आणि मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना एका परदेशी नियतकालिकात तो लेख सापडला. पेशीला विजेचा अगदी क्षणभराचा धक्का दिला तर तिच्या पडद्याला बारीक छिद्रं पडतात. शास्त्रज्ञ त्या छिद्रांतून बाहेरच्या वस्तू पेशीत घालतात. सर औरंगाबादहून परत आले ते थेट प्रयोगशाळेत. पिशवी खांद्याला तशीच.

"बाई, आत घालायला जे दार उघडतं, ते बाहेर यायलाबी उघडंलच की न्हाई?"

"उघडेल, सर."

"मंग घर कामून पाडायचं? दार वाजवायचं!"

त्यांनी जे यंत्र केलं त्याला आम्ही 'पेटी' म्हणायचो. मोसंबीच्या खोक्याच्या फळ्या. एका मोडीत निघालेल्या जीपची इग्निशन कॉइल. फोटो स्टुडिओतला निकामी फ्लॅश, ज्यात वीज साठून राहते आणि एका झटक्यात सुटते. स्टीलच्या डब्यांची दोन झाकणं कापून केलेल्या दोन पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये दोन पोस्टकार्डं मावतील एवढीच फट. त्या फटीतून हिरवं पाणी सोडायचं आणि बटण दाबायचं. 'टक्' असा आवाज व्हायचा, दारावर बोटाचं पेर वाजवल्यासारखा. धक्का इतका थोडा वेळ टिके की पाणी कोमटसुद्धा होत नसे. निदान होऊ नये, अशी अपेक्षा होती.

पहिल्या दिवशी ठिणग्या उडाल्या, पाणी उकळलं आणि खोलीभर उकडलेल्या भाजीचा वास सुटला. शिपाई बशीरमामा दारातून डोकावले.

"सर, भजे तळून राह्यले का? मला वाटलं कॅन्टीन इकडं आलं."

सर महिनाभर पेटी उघडत-मिटत होते. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की दोष पेटीत नसून पाण्यात आहे. हे शेवाळ खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात वाढतं, आणि खाऱ्या पाण्यातून वीज अशी धावते की पेशीला धक्का बसण्याऐवजी पाणीच तापतं. शेवाळ कापडावर गाळून गोड्या पाण्यानं धुवायला हवं होतं. आम्ही बोअरच्या पाण्यानं धुतलं, तर ते हौदापेक्षा फार वेगळं नव्हतं. मग सर मोंढ्याजवळच्या बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेऊन आले. ठिणग्या थांबल्या. उरला फक्त 'टक्'. सरांनी त्या दिवशी मला आणि मामांना गोळा खाऊ घातला. पिवळा.

पण निळं काही आलं नाही.

दोन वर्षं आलं नाही. दर आठवड्याला दोन-तीनदा आम्ही प्रयोग करत होतो. लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत धुतलेलं शेवाळ घ्यायचं, पेटीतून काढायचं, गाळून पाहायचं. गाळलेलं पाणी नितळ. सर धक्क्यांची संख्या वाढवत, फट कमी-जास्त करत, कॉइल बदलत. त्यांचा एकदाही तोल गेला नाही. "दार चुकलं असंल," म्हणत आणि उद्याची तयारी करत. आणि मी संध्याकाळी बरण्या धूत असे.

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. प्रयोगशाळेत सरांचा दुसरा नियम होता: काच रात्रभर खरकटी राहता कामा नये. आणि तिसरा: बोअरच्या पाण्यानं काच विसळायची नाही, पांढरे डाग धरतात. आमच्या गावात नळ चार दिवसांनी येई, कधी पाच. म्हणून नळाच्या पाण्याच्या दोन घागरी मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात भरून ठेवत असे, फक्त काचेसाठी. त्यातला पेलाभर मी स्वतः कधी प्याले नाही. दुष्काळी उन्हाळ्यातही माझ्या बरण्या संध्याकाळी साडेपाचला लखलखीत होऊन पालथ्या पडलेल्या असत. मला त्याचा अभिमान होता. सर वर्गात पोरांना सांगत, "काच कशी ठेवावी ते बाईंकडून शिका." कामाबद्दल मला कुणी इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं.

मग कॉलेजात संगणक येणार असं ठरलं. त्यांना तळमजल्यावरची, गारव्याची, पक्क्या दाराची खोली हवी होती. तशी एकच खोली होती, आमची. मागचे हौदही पाडून तिथं जनरेटर बसवायचा होता. प्राचार्य सरांना मानत. त्यांनी एवढं केलं की विद्यापीठातून तीन जणांची समिती बोलावली. समितीनं प्रयोग पाहावा. काही निष्पन्न होत असेल तर खोली सरांकडं राहील.

समिती आली त्या दिवशी नळ यायचा होता. आला नाही, कुठं तरी पाइप फुटला होता.

सरांनी तीन बरण्या मांडल्या. पहिलीत नुसतं धुतलेलं शेवाळ, पेटीतून न काढलेलं. दुसरीतल्याला थोडे धक्के, तिसरीतल्याला भरपूर. मग त्यांनी पाहुण्यांना डावे हात खिशात घालायला सांगितले. समितीचे अध्यक्ष सफारीतले, भारदस्त गृहस्थ होते. त्यांनी हात खिशात घातला. उरलेल्या दोघांनी घातला. प्राचार्यांनी घातला. मी पदराखाली धरला. बशीरमामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते, त्यांची पंचाईत झाली.

"सर, मी काय करू? दोन्ही हात गुंतले."

"तुम्ही बाहेर जा, मामा."

टक्. टक्. टक्. खोलीत दुसरा आवाज नव्हता. सगळं झाल्यावर सरांनी तिसऱ्या बरणीतलं थोडं पाणी गाळणीच्या कागदात ओतलं. खाली थेंब पडू लागले. नितळ थेंब. अध्यक्षांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"आणखी किती वेळ लागेल, सर?"

"वेळ न्हाई लागत. विजेचं काम क्षणाचं. यायचं असतं तर आलं असतं." सरांनी पुन्हा एकदा थेंब निरखले. "न्हाई आलं."

अध्यक्षांनी तिथंच टेबलावर अहवालाचा कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि सौजन्यानं सरांसमोर धरल्या. सरांनी वाचलं.

"साहेब, एक विनंती हाय. तुम्ही 'या पद्धतीने रंग निघत नाही' असं लिहिलंय. ते तुम्ही पाह्यलं न्हाई. तुम्ही पाह्यलं ते एवढंच, की आज दिसला न्हाई. तेवढंच लिहा."

"त्यानं तुमच्या खोलीच्या बाबतीत काही फरक पडणार नाही."

"खोलीचं न्हाई म्हणत मी."

अध्यक्षांनी ओळ खोडली आणि 'आज रंग दिसून आला नाही' असं लिहिलं. सरांनी खाली सही केली. पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची होती. मंडळी रेस्ट हाउसवर गेली. दुसऱ्या दिवशी दहाला निघून जांब समर्थला दर्शन करून ते परतणार होते.

संध्याकाळी मी बरण्या धुवायला घागरींकडं गेले. दोन्ही कोरड्या.

"मामा, माझं पाणी?"

"ताई, पाहुण्यांना बोअरचं पाणी पाजू का?" मामा दुखावल्यासारखे म्हणाले. "विद्यापीठाची मान्सं. चहाबी गोड्याचाच केल्ता. आपल्या गावाची इज्जत हाय का न्हाई?"

माश्या बसू नयेत म्हणून मी तिन्ही बरण्यांवर प्रकाशाच्या प्रयोगातलं काळं कापड टाकलं आणि घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरकटी काच मागं ठेवून. त्याची मला खोली गेल्याइतकीच लाज वाटत होती.

सकाळी मी घरूनच पाण्याची बादली भरून घेतली आणि लवकर गेले. कापड उचललं.

पहिल्या बरणीत शेवाळ तळाशी बसलं होतं आणि वरचं पाणी नितळ होतं. दुसरीतल्या पाण्यावर आकाशाची फिकट झाक होती. तिसरीतलं पाणी निळं होतं. कपड्यांना घालायच्या निळीसारखं. उजेडाकडं धरलं तर त्या निळ्याच्या कडेला लालसर चमक दिसत होती, मोराच्या मानेवर रंग फिरतो तशी.

सर आले. मी नुसतं बोट दाखवलं. मला वाटलं होतं ते तिसऱ्या बरणीकडं धावतील. ते दारातच थांबले.

"आधी पहिली दाखवा."

त्यांनी न छेडलेली बरणी उचलून चारी बाजूंनी पाहिली. नितळ. शेवाळ नुसतं सडून रंग सुटला असता तर तो हिच्यातही सुटला असता. ती खाली ठेवल्यावर त्यांनी तिसरीकडं पाहिलं. मग स्टुलावर बसले. त्यांचा डावा हात खिशाबाहेर होता. तो तसा मोकळा मी त्या दिवशीच पाहिला.

"रात्र लागते त्याला," ते म्हणाले. "दार उघडतं क्षणात. पण मान्सं बाहेर यायला वेळ लागतो."

बशीरमामा मागं येऊन उभे होते. "हौ सर," ते म्हणाले, "दुनियेच्या दारात तास तासभर उभे राह्यता, अन् ह्या शेवाळाच्या दारात पाच मिन्टं न्हाई थांबले!"

सर हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र रडू आलं. दोन वर्षं, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, मी त्यांचं निळं धुऊन मोरीत सोडत आले होते. लखलखीत करून पालथं घालत होते.

"सर, मी…"

"तुम्ही न्हाई, बाई. नियम माझा होता. तुम्ही बराबर पाळला." मग गंभीर होऊन म्हणाले, "दुसऱ्या कुणी अर्धवट पाळला असता तर कधीच दिसलं असतं, ही गोष्ट खरी. पण त्याला काय इलाज?"

मी घड्याळाकडं पाहिलं. नऊ वाजत होते. "सर, ते दहाला निघणार आहेत. रिक्षानं गेलो तर गाठता येईल. ते निघून गेले असले तर जांबला जाऊ. मी बरणी मांडीवर धरते."

"न्हाई."

"सर, खोली जाईल!"

"बाई, एकदा आलं म्हंजे आलं न्हाई. पुन्यांदा आलं पाह्यजे. अन् त्यांनी काल जे लिहिलं ते खरंच हाय. खऱ्या कागदावर दुसरा कागद कामून चढवायचा?"

मी त्यांच्यावर आयुष्यात एकदाच रागावले, ते त्या दिवशी. दुपारपर्यंत बोलले नाही. सरांनी त्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी एक नवी वही काढली आणि प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे लिहिलं, 'काल काय केलं'. उजवीकडे, 'आज काय दिसलं'. आणि पेटी लावली. तिसरा प्रहर टळल्यावर पाइप दुरुस्त होऊन नळ आला. मी दोन्ही घागरी भरल्या आणि बरण्यांना हात लावला नाही.

उरलेल्या दिवसांत रोज निळं आलं. मोजून दोन दिवस सोडून, आणि त्या दोन दिवशी काय चुकलं होतं तेही सरांना सापडलं. शेवटच्या दिवशी प्राचार्य आले. बरणी हातात घेऊन त्यांनी उजेडाकडं धरली.

"सर, हे समितीपुढं दाखवायचं होतं ना हो."

"तवा दिसलं नव्हतं, सर."

खोली गेली. हौद पाडले. संगणक आले तेव्हा त्यांचं अर्थिंग नीट नव्हतं, त्यांच्या पत्र्याच्या खोक्यांना हात लावला की झिणझिणी येई. कंत्राटदार ऐकेना. सर एका रविवारी टेस्टर घेऊन गेले, बशीरमामांकडून अंगणात खड्डा करून घेतला, मीठ-कोळसा घालून तार पुरली आणि सगळं ठीक करून आले. ती त्यांचीच खोली होती हे संगणकाच्या पोरांना माहीतसुद्धा नव्हतं.

हौदातलं शेवाळ त्यांनी दोन डब्यांतून घरी नेलं आणि गच्चीवर टाक्यांत वाढवलं. आक्का म्हणाल्या, "बायकू आणायची तर हे डबकं घेऊन आला." पण सर कॉलेजात असताना बांबूनं टाकी हलवायला त्याच जात. मी शनिवार-रविवारी जाऊ लागले. पुढं माझं लग्न झालं, मूल झालं, तरी जात राहिले. घरी कुणी विचारलं तर सांगत असे, सरांच्या बरण्या पाहून येते.

समितीच्या अध्यक्षांना सरांनी एक पोस्टकार्ड टाकलं होतं: 'त्या दिवशी जे दिसले नाही ते दुसऱ्या दिवशी दिसले. पाहायचे असल्यास मुक्कामाला यावे.' उत्तर आलं नाही. वर्षभरानं एका संध्याकाळी ते गृहस्थ स्वतःच आले, खांद्याला शबनम, अंगात साधा सदरा. निवृत्त झाले होते. सरांनी त्यांच्यासमोर पेटी चालवली, बरण्या झाकल्या आणि म्हणाले, "आता जेवू." आक्कांनी ज्वारीची भाकरी आणि मेथी वाढली. अध्यक्ष बाहेरच्या खोलीत झोपले. सकाळी मी पोचले तेव्हा ते बरणी सूर्याकडं धरून ती लालसर चमक पाहत होते.

"तुमचं वाक्य बरोबर होतं," ते सरांना म्हणाले. "मी पहिलं लिहिलं होतं ते राहिलं असतं तर माझ्या सहीनं खोटं गेलं असतं."

"म्हणून तर बदलायला सांगितलं," सर म्हणाले.

निळ्याचा बाजार काही झाला नाही. गोळेवाल्या चाचांनी एक बाटली मोठ्या विश्वासानं गाडीवर ठेवली होती. जालन्याच्या उन्हात दोन तासांत ती पाण्यासारखी फिकी पडली. "सर, आपका नीला भाग गया," चाचा सांगत आले. सरांना त्याचा आनंदच झाला. "खोटं असतं तर टिकलं असतं," म्हणाले. मग त्यांनी बाटलीला काळ्या कापडाचा अंगरखा शिवला. त्या उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांनी आमच्या हौदाच्या वंशातलं निळं खाल्लं. सर फाटकाशी उभे राहून दुसऱ्या दिवशी त्यांच्या जिभा तपासत होते. एकही निळी निघाली नाही.

पुढं कुणीतरी सांगितलं की मोठमोठ्या देशांत आता याच रीतीनं, विजेचे धक्के देऊन, शेवाळातून रंग आणि औषधं काढायला लागले आहेत. मी ते कात्रण घेऊन गेले. सरांनी मन लावून वाचलं, चष्मा काढला. "बराबर करून राह्यले," ते म्हणाले आणि टाकी हलवायला गेले.

ते गेल्याचा निरोप मला सकाळी आला. संध्याकाळी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. वाजवायचं काही कारण नव्हतं, तरी माझं बोट चौकटीला एकदा लागलंच.

आत बायका आक्कांभोवती बसल्या होत्या. परतूरकडून भाऊबंद यायचे होते. आणि नेमका त्या दिवशी पाच दिवसांनी नळ आला होता. मरणाच्या घरीही नळ थांबत नाही. शेजारच्या बायका डोळे पुसत पुसत आक्कांच्या घागरी, बादल्या, पातेली भरून ओळीनं लावत होत्या. आक्कांनी मला जवळ बोलावलं.

"वर जाऊन ये, बाई. काल दुपारी त्यानं ते टक् टक् केल्तं. मला त्यातलं काही कळत न्हाई."

मी गच्चीवर गेले. पत्र्याच्या सावलीत फळीवर दोन बरण्या होत्या, काळ्या कापडाखाली. शेजारी वही. शेवटच्या पानावर डाव्या रकान्यात त्यांचं बारीक, सरळ अक्षर: किती शेवाळ, किती पाणी, किती धक्के, किती वाजता झाकलं. उजवा रकाना कोरा.

मी कापड उचललं. आधी पहिली बरणी पाहिली. नितळ. मग दुसरी उचलून उजेडाकडं धरली.

खाली कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं. मी डावा हात पाठीमागं धरला आणि उजव्या रकान्यात लिहिलं: 'पहिली नितळ. दुसरी निळी, गडद. कडेला लाल चमक आहे.' खाली वेळ घातली. सही करायची जागा नव्हती, तरी केली.

मग दोन्ही बरण्या घेऊन खाली आले, नुकत्याच भरलेल्या बादलीतून दोन तांबे पाणी घेतलं आणि त्या स्वच्छ धुऊन पालथ्या घातल्या.